नगरपालिकेची नोटीस आणि अपील : एक भाषिक विचार

नगरपालिकेच्या कारभारातील तीन शब्द सामान्य नागरिकाच्या वाट्याला बहुधा एकापाठोपाठ एक येतात : उपविधी, नोटीस आणि अपील. यांपैकी पहिला शब्द संस्कृतावरून घडविलेला आहे, उरलेले दोन इंग्रजीतून आलेले आहेत. नोटीस मराठीत स्त्रीलिंगी होऊन 'नोटिशीला', 'नोटिशीत' अशी रूपे घेते; अपील नपुंसकलिंगी होऊन 'अपिलात', 'अपिलाचा' असे चालते. शब्द व्याकरणाच्या अंगाने इतके मराठी झाले, तरी त्यांच्या मागील व्यवहार मात्र तितका परिचित झालेला नाही. ओटा वाढविला, पोटमाळा चढविला, गच्चीवर पत्र्याची शेड घातली किंवा दुकानाची फळी रस्त्याकडे सरकविली, अशा कारणाने ज्याच्या दारावर नोटीस चिकटविली जाते, त्याला पुढे काय करता येते हे त्या कागदावरून क्वचितच कळते. याचे कारण केवळ कायद्याच्या गुंतागुंतीत शोधून भागत नाही. त्याचा बराच भाग त्या कागदाच्या वाक्यरचनेत आहे. नगरपालिकेच्या अंमलबजावणीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग भाषेच्या कोणकोणत्या घटकांवर अवलंबून असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. उपविधी : एका उपसर्गाची कथा

'उपविधी' हा शब्द इंग्रजी 'बायलॉ' या शब्दासाठी योजिला जातो. त्यातील 'उप' हा उपसर्ग 'बाय' या अंशाचे भाषांतर आहे, असे सहज वाटते. आणि शब्द घडविणाऱ्यांनीही तो अंश 'दुय्यम' याच अर्थी घेतला, हे उघड आहे. परंतु मूळ शब्दाचा इतिहास निराळा आहे. बायलॉ शब्दातील पूर्वपद प्राचीन नॉर्स भाषेतील गाव किंवा वस्ती या अर्थाच्या शब्दाकडे जाते, असे व्युत्पत्तिकार मानतात. इंग्लंडच्या ज्या भागांत नॉर्स लोकांनी वस्ती केली, तेथील अनेक गावांच्या नावांच्या शेवटी हाच शब्द आजही आढळतो. म्हणजे बायलॉ हा मुळात गावाने स्वतःसाठी केलेला नियम. पुढे हा जुना अर्थ विसरला गेला आणि 'बाय' म्हणजे आनुषंगिक, गौण, ही समजूत रूढ झाली. मराठी शब्दाने ही नंतरची समजूत उचलली.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'उप' हा असा अपघाताने आलेला असला, तरी विधिशास्त्राच्या दृष्टीने तो अत्यंत समर्पक ठरला आहे. नगरपालिकेला नियम करण्याचा अधिकार स्वयंभू नसतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ किंवा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यांसारख्या विधिमंडळाच्या कायद्याने तो दिलेला असतो. उपविधी मूळ कायद्याच्या मर्यादेतच राहिला पाहिजे. ती ओलांडली तर तेवढ्यापुरता तो निष्प्रभ ठरतो. दाद मागण्याचा एक मार्ग या दुय्यमपणातूनच निघतो.

२. तीन वेगळे प्रश्न

नोटीस मिळालेल्या माणसाचे म्हणणे वरवर पाहता एकच असते : 'माझ्यावर अन्याय झाला.' या एका वाक्यात तीन भिन्न विधाने दडलेली असू शकतात, आणि ती वेगळी करून मांडणे हे दाद मागण्याच्या कामातील पहिले पाऊल होय.

पहिले विधान वस्तुस्थितीविषयी असते. बांधकाम नोटिशीत म्हटले आहे तेथे नाही. ते परवानगी घेऊन केले आहे. किंवा ते आपले नव्हेच. दुसरे विधान निर्णयाच्या पद्धतीविषयी असते. ज्याला अधिकार होता त्याने निर्णय घेतला नाही, बाजू ऐकून घेतली नाही, अथवा कारणे दिली नाहीत. तिसरे विधान उपविधीविषयीच असते. बांधकाम आहे, पद्धतही पाळली गेली आहे, परंतु मुळात असा नियम करण्याचा नगरपालिकेस अधिकार नव्हता.

तिसरे विधान सर्वांत अवघड. त्याविषयीचा प्रसिद्ध दाखला इंग्लंडमधील क्रूस विरुद्ध जॉन्सन या १८९८ सालच्या खटल्यात मिळतो. केंट परगण्याच्या कौन्सिलने असा उपविधी केला होता की, राहत्या घरापासून ५० यार्डांच्या आत सार्वजनिक जागी कोणी वाद्य वाजवीत किंवा गात असेल, आणि पोलिसाने अथवा त्या घरातील रहिवाशाने थांबण्यास सांगितले, तर त्याने थांबले पाहिजे. उघड्यावर धार्मिक सभा घेऊन स्तोत्र गाणाऱ्या क्रूस यास या उपविधीखाली शिक्षा झाली. हा उपविधी अवाजवी आहे असे त्याचे म्हणणे होते. मुख्य न्यायाधीश लॉर्ड रसेल यांनी ते मान्य केले नाही. लोकांनी निवडलेल्या संस्थेच्या नियमाकडे न्यायालयाने सद्भावाने पाहावे; मात्र तो निरनिराळ्या वर्गांना पक्षपाताने लागू होणारा, उघड अन्यायाचा, दुष्ट हेतूने केलेला किंवा लोकांना निष्कारण जाचणारा असेल तर तो टिकणार नाही, असा त्यांच्या निवाड्याचा आशय आहे. क्रूस हरला, परंतु त्याच्या पराभवातून उपविधीची कसोटी निर्माण झाली, आणि भारतातील न्यायालयांनीही तिचा वेळोवेळी आधार घेतला आहे. या कसोटीवरून एवढे ध्यानात घ्यावयाचे की, 'नियम मला गैरसोयीचा आहे' हे विधान 'नियम अवैध आहे' या विधानाची जागा घेऊ शकत नाही.

३. 'करील' आणि 'करू शकेल'

कायद्याच्या भाषेत क्रियापदाच्या रूपाला जे महत्त्व असते, ते सामान्य व्यवहारात नसते. मराठी अधिनियमांत कर्तव्य सांगण्यासाठी साधा भविष्यकाळ योजण्याची प्रथा आहे. 'आयुक्त नोटीस देईल' याचा अर्थ आयुक्ताने नोटीस दिलीच पाहिजे. अधिकार सांगण्यासाठी 'देऊ शकेल' किंवा 'देता येईल' ही रूपे योजतात. बोलीत मात्र 'तो नोटीस देईल' हे भाकीत असते, कर्तव्य नव्हे. सामान्य वाचकाला 'करील' हा शब्द शक्यतेसारखा आणि 'करू शकेल' हा धमकीसारखा वाटतो. कायद्यात वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 'करील' मध्ये अधिकाऱ्याला पर्याय नाही. 'करू शकेल' मध्ये आहे, आणि जेथे पर्याय आहे तेथे तो नीट विचार करून वापरला की नाही, हे विचारता येते.

हा भेद किती खोल जातो, हे मुंबईच्याच एका खटल्याने दाखवून दिले. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटविण्याची मोहीम जाहीर झाली. तिच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत पदपथावरील रहिवाशांबरोबर पत्रकार ओल्गा टेलिस याही होत्या. महानगरपालिकेची भिस्त १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३१४ वर होती. रस्त्यावर वा पदपथावर उभारलेली रचना आयुक्त 'नोटिशीवाचून काढून टाकू शकेल', असा त्या कलमाचा आशय आहे. नोटिशीची गरजच नाही असे कायदा सांगतो, हा वरवरचा अर्थ.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निवाडा दिला. मुख्य न्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निवाड्यात कलम वैध ठरविण्यात आले, पण त्याचे वाचन बदलले. कलम अधिकार देणारे आहे, सक्ती करणारे नाही. आयुक्ताने नोटिशीवाचूनच काढावे असे ते म्हणत नाही. तो नोटिशीवाचून काढू शकेल एवढेच म्हणते. म्हणून नोटीस द्यावयाची की नाही हा त्याच्या विवेकाचा प्रश्न राहतो, आणि तो विवेक त्याने वाजवी रीतीने वापरला पाहिजे. ऐकून घेणे हा नियम, न ऐकणे हा अपवाद, आणि अपवादाचे समर्थन करण्याची जबाबदारी अपवाद करणाऱ्यावर. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, 'नोटिशीवाचून' हे क्रियाविशेषण 'शकेल' या साहाय्यक क्रियापदाच्या कक्षेत येते, कक्षेबाहेर राहत नाही. हजारो कुटुंबांचा निवारा या कक्षेच्या प्रश्नावर अवलंबून होता.

निवाड्याचा शेवटही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. रहिवाशांची बाजू न्यायालयातच सविस्तर ऐकली गेली असल्याने पुन्हा आयुक्तापुढे सुनावणी घेण्याचा आदेशही दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, त्यांना हटवू नये असे मात्र ठरले. आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्याविषयी शासनाने दिलेले आश्वासन नोंदले गेले. वाचन जिंकले, वाचणाऱ्यांच्या हाती एक पावसाळा आला.

४. हरवलेला कर्ता

मराठी कार्यालयीन लेखनाचे एक ठळक लक्षण म्हणजे त्यातून कर्ता नाहीसा होतो. पुढील वाक्य कोणत्याही विशिष्ट नोटिशीतील नाही. या प्रकारच्या लेखनाचा नमुना म्हणून ते घेतले आहे : 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सदरहू बांधकाम सात दिवसांचे आत काढून टाकावे. अन्यथा ते आपल्या खर्चाने काढून टाकण्यात येईल.' कोण कळवितो? कोण ठरवितो? कोण काढून टाकणार? तीनही क्रियांना कर्ता नाही. '-ण्यात येणे' ही रचना क्रिया ठेवते आणि करणारा झाकून टाकते.

साहित्यात ही केवळ शैलीची उणीव ठरली असती. अंमलबजावणीच्या आदेशात ती अधिकाराच्या मुळाशी जाते. कारण निर्णय कोणी घेतला यावर तो वैध आहे किंवा नाही, आणि त्याविरुद्ध कोठे जावयाचे, हे ठरते. याचाही उत्तम दाखला मुंबईतच घडला. गोरधनदास भानजी यांना अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी १९४७ मध्ये दिली आणि त्याच वर्षी ती रद्द झाली. रद्द झाल्याचे पत्र आयुक्तांच्या सहीचे होते. परंतु त्याची रचना अशी होती की, शासनाच्या निदेशावरून परवानगी रद्द झाल्याचे कळविले जात आहे. परवानगी रद्द करण्याचा अधिकार नियमांनी आयुक्तांना दिला होता, शासनाला नव्हे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ च्या निवाड्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पत्राची भाषा जशी होती तशी वाचली. पत्रात आयुक्त हा निर्णय घेणारा नाही, दुसऱ्याचा निर्णय पोचविणारा आहे. नंतर प्रतिज्ञापत्रात त्याने काहीही म्हटले, आपल्या मनात काय होते, आपला उद्देश काय होता हे सांगितले, तरी त्यावरून सार्वजनिक आदेशाचा अर्थ लावता येणार नाही. तो आदेशाच्या शब्दांवरूनच लावला पाहिजे, कारण लोक त्या शब्दांवर विसंबून वागतात. आयुक्तांनी स्वतःच्या विवेकाने प्रश्नाचा निर्णय करावा, असा आदेश शेवटी झाला.

हा खटला नगरपालिकेचा नव्हता. तरी त्यातील तत्त्व नगरपालिकेच्या प्रत्येक नोटिशीला लागू पडते. कागद हाती पडताच वाचकाने प्रत्येक अकर्तृक क्रियापदाला 'कोणी?' हा प्रश्न विचारावा. सही कोणाची, हुद्दा कोणता, कोणत्या कलमाखाली, आणि तो अधिकार त्या हुद्द्याकडे रीतसर सोपविलेला आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे कागदात नसतील तर ती लेखी मागावीत. तसेच आदेशात नसलेली कारणे पुढे अपिलाच्या वेळी मागाहून जोडली गेल्यास त्याला हरकत घेता येते.

५. 'अन्यथा'ने झाकलेली वाट

वरील नमुना-वाक्यातील 'अन्यथा' हे अव्यय दोनच शक्यता उभ्या करते : आपण पाडावे किंवा ते पाडले जाईल. प्रत्यक्षात कायद्यात बहुधा तिसरी वाट असते, आणि ती म्हणजे कारण दाखविण्याची. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३५१ खालील नोटीस मुळात विचारणाच आहे. बांधकाम का पाडू नये याचे पुरेसे कारण सही केलेल्या लेखी निवेदनाने दाखवावे, असे ती सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालील नोटीस मिळाल्यावर, बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करता येतो. आणि त्या अर्जाचा अखेरचा निकाल लागेपर्यंत नोटीस अमलात येत नाही. विचारणा करणारा कागद आज्ञेच्या स्वरात लिहिला गेला, तर वाचणारा उत्तर देण्याऐवजी घाबरून गप्प बसतो किंवा रागावून गप्प बसतो. दोन्ही प्रकारांत मुदत निघून जाते.

कायद्यातच ऐकून घेण्याचा उल्लेख नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर १८६३ च्या कूपर विरुद्ध वाँड्सवर्थ मंडळ या लंडनच्या खटल्यात सापडते. घर बांधण्यापूर्वी सात दिवस मंडळाला कळविले पाहिजे, नाहीतर मंडळास ते पाडता येईल, असा कायदा होता. कूपरचे घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आले असता मंडळाने त्याला एका शब्दाने न विचारता ते जमीनदोस्त केले. कायद्याने अधिकार दिला होता आणि सुनावणीची अट घातली नव्हती. तरीही न्यायालयाने कूपरला नुकसानभरपाई मिळवून दिली. ज्याच्या मालमत्तेवर आघात करावयाचा त्याला आधी ऐकावे, हे इतके मूलभूत आहे की विधिमंडळाच्या मौनातही ते गृहीत धरले पाहिजे, असा निवाड्याचा आशय. येथे भाषाभ्यासकाला रस वाटावा अशी गोष्ट ही की, संहितेत नसलेले वाक्य न्यायालयाने संहितेत वाचले.

६. अपील म्हणजे नेमके काय

'अपील करणे' हा वाक्प्रचार मराठीत सैल अर्थाने वापरला जातो. वर्तमानपत्रात पुढारी जनतेला अपील करतो, नागरिक नगरसेवकाकडे अपील करतो. कायद्यातील अपील मात्र कायद्याने दिले असेल तरच असते. दिवाणी दावा करण्याचा हक्क नागरिकाला उपजत मानला आहे, जेथे कायद्याने तो काढून घेतला असेल तेवढे सोडून. अपिलाचा हक्क तसा नाही. तो कोणत्या आदेशाविरुद्ध, कोणाकडे, किती दिवसांत, हे सारे संबंधित कायदाच सांगतो. उदाहरणार्थ, १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे बांधकामाची परवानगी नाकारल्यास किंवा अटींवर दिल्यास अर्जदाराला ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मुंबईत मालमत्तेच्या करपात्र मूल्याविरुद्धचे अपील लघुवाद न्यायालयाकडे जाते. तेथे आधी पालिकेकडे तक्रार केलेली असणे आणि कराची रक्कम भरलेली असणे आवश्यक असते. म्हणजे पहिली पायरी वगळून दुसरीवर पाय ठेवता येत नाही. जेथे अपिलाची तरतूद नाही, तेथे उच्च न्यायालयाकडे रिट अर्जाचा मार्ग उरतो. परंतु तेथे निर्णय बरोबर होता काय यापेक्षा तो रीतसर झाला काय, याकडे अधिक पाहिले जाते.

मुदतीच्या मोजणीतही एक शब्द निर्णायक ठरतो. कलम ४७ मधील ४० दिवस आदेश 'कळविल्यापासून' धरले जातात, आदेश 'केल्यापासून' नव्हे. मराठीत 'सांगणे' ही क्रिया बोलणाऱ्यापाशी पुरी होऊ शकते. 'कळविणे' हे 'कळणे' याचे प्रयोजक रूप असल्याने ऐकणाऱ्याला कळल्यावाचून पुरे होत नाही. म्हणून नोटीस वा आदेश हाती आल्याची तारीख पाकिटासह जपून ठेवणे हे अपिलाचे पहिले साधन होय.

७. आजची स्थिती आणि एक मर्यादा

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने पाडकामाविषयी देशभर लागू होणारे निदेश दिले. नोटिशीशिवाय पाडकाम करू नये. उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा १५ दिवस, यांपैकी जी अधिक ती द्यावी. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी व बांधकामावर लावावी. तीत उल्लंघनाचे स्वरूप, कारणे, आवश्यक कागदपत्रे, सुनावणीची तारीख व अधिकारी यांचा उल्लेख असावा. अखेरच्या आदेशात नागरिकाचे म्हणणे आणि ते अमान्य करण्याची कारणे यावीत. आणि त्यानंतरही १५ दिवस आदेश अमलात आणू नये, असे ते निदेश आहेत. भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास न्यायालयाने नोटिशीतील हरवलेले कर्ते, कारणे आणि तिसरी वाट कागदावर परत आणली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निदेश लागू नाहीत. ज्या पदपथावरून १९८५ चा निवाडा निघाला, तेथील माणसाला २०२४ च्या या संरक्षणाचा लाभ नाही. त्याच्यासाठी अजूनही 'शकेल' या क्रियापदाचे जुने वाचन हाच आधार आहे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर स्थानिक प्राधिकरणांसाठी २०२२ मध्ये राजभाषेचा स्वतंत्र अधिनियम झाला. नगरपालिकेचा कारभार मराठीत चालावा हे त्याने ठरविले. पण नोटीस मराठीत असणे आणि ती मराठी माणसाला कळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वरील नमुना-वाक्य पुढीलप्रमाणे लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही : 'अमुक कलमाखाली मला मिळालेल्या अधिकाराने मी आपणांस विचारतो की, हे बांधकाम का पाडू नये? आपले उत्तर अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावे; अमुक दिवशी आपले म्हणणे मी समक्ष ऐकेन. त्यानंतरचा माझा निर्णय आपणांस मान्य नसल्यास अमुक ठिकाणी, इतक्या दिवसांत दाद मागता येईल.' या वाक्यांत कर्ता आहे, प्रश्न आहे आणि पुढची वाट आहे. बांधकाम खरोखरच बेकायदा असेल तर या भाषेने ते वाचणार नाही. ते बेकायदा नसेल, तर मात्र हातोडा पडण्यापूर्वी ते सांगण्याची संधी घरमालकाला मिळेल. पडलेली भिंत अपिलातील यशाने परत उभी राहत नाही. म्हणून नोटिशीची भाषा वेळेवर कळणे हा अपिलाइतकाच महत्त्वाचा हक्क मानला पाहिजे.